झिजेवरून वय

“जो जास्ती झिजलाय त्यो जुना. त्यात एवढं काय बघायचं हाय?” आत्या आतल्या खोलीत काकूला म्हणाली.

मी बाहेर पडवीत बाजेवर बसले होते. मांडीवर आलेखांचा गठ्ठा आणि हातात पारदर्शक पट्टी. दार उघडं होतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. देव्हाऱ्यासमोर पाटावर तांब्याचं ताम्हण होतं आणि त्यात निमगावच्या सोनाराकडून त्याच दिवशी सकाळी उजळून आणलेले टाक. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा. त्यावर देवाचं किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचं रूप ठोकून उठवलेलं असतं. आमच्या घरात एखादी बाई सवाष्ण गेली की वर्षानंतर तिचा टाक करतात आणि देवांच्या ओळीत, थोडा खालच्या बाजूला, ठेवतात.

त्या दिवशी ताम्हणात बायकांचे तीन टाक होते. नवा होता तो मम्मीचा. तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून आम्ही बारामतीहून कळसला काकांच्या घरी आलो होतो. उरलेले दोन जुने होते, एक पप्पांच्या आजीचा आणि दुसरा माझ्या आईचा. आई आणि मम्मी या दोन वेगळ्या बायका होत्या. सख्ख्या बहिणी.

ओळीत दोघींपेक्षा जास्त बायका बसवत नाहीत. “तिघी झाल्या की भांडत्यात,” असं आत्या सांगायची. नवी आली की सगळ्यात जुनीला नदीत सोडायचं. म्हणजे दुपारी जीपने नरसिंहपूरला जाऊन, नीरा आणि भीमा मिळतात तिथे, पप्पांच्या आजीचा टाक पाण्यात सोडायचा होता. सोनाराने सगळे उजळून एकाच फडक्यात बांधून दिले होते, आणि आता कुठला कुणाचा ते कळत नव्हतं. तिघींचा चेहरा एकच होता. सोनाराकडे त्याच्या आजोबांच्या वेळेचा एकच ठसा आहे. गोल तोंड, दोन ठिपके म्हणजे डोळे, नाकात नथ, डोक्यावर पदर. आमच्या घरातली कुठलीही बाई गेली की ती तशी होते.

काकूच्या बोटांत एक टाक होता. जवळजवळ कोरा, नथीचा नुसता उंचवटा राहिलेला. आत्याने तो काढून वेगळ्या वाटीत टाकला.

“आजीचा,” ती म्हणाली.

तो आजीचा नव्हता. तो आईचा होता.

मी पट्टी आलेखावर पुन्हा ठेवली आणि पुढचा आकडा लिहिला.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. वर्षश्राद्ध होताच पप्पांचं लग्न तिच्या धाकट्या बहिणीशी लावून दिलं. सगळ्यांच्या मते ते माझ्या भल्याचं होतं, आणि ते खरंही होतं. लग्नात तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर आईचा टाक घातला, चांदीच्या छोट्या कोंदणात बसवून, काळ्या दोऱ्यात. दुसरेपणाच्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा अशी आमच्यात रीत आहे. नवी साडी आधी त्याला लावायची, मग आपण नेसायची. सणाच्या ताटातला पहिला घास त्याच्यासाठी बाजूला काढायचा. पाठची बहीण असली तरी आता ती सवत, असं त्या वेळी आत्या म्हणाली होती म्हणे.

नंतर पप्पांना माळेगावला नोकरी लागली, आम्ही बारामतीला राहायला गेलो आणि मला इंग्लिश मीडियमच्या शाळेत घातलं. तिथे सगळ्यांच्या मम्म्या होत्या. मावशीची मम्मी कधी झाली ते मला आठवत नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी बहीण झाली. ती जन्मापासून मम्मीच म्हणत होती, मीही म्हणत होते, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला आमच्यात फरक करायला काही जागा नव्हती. दोघींचं नाक सारखं, केस सारखे. का नसणार, दोघींच्या आया एकाच घरच्या. “कधी म्हणून फरक केला नाही हो पोरींत,” असं कुणी मम्मीसमोर म्हटलं की ती विषय बदलायची आणि मी स्वयंपाकघरात जायचे. भिंतीवर आईचा फोटो नव्हता. तो कुणी काढून ठेवला होता असंही नाही. तो लावायचा कुणी, एवढंच ठरलं नाही.

बहिणीला हे माहीत होतं की नाही, ते मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नाही. मम्मीच्या गळ्यातलं ते काय आहे म्हणून ती लहानपणी विचारायची, तेव्हा मम्मी सांगायची, “देवी आहे.”

मम्मीला एक सवय होती. दूध उतू जायची वाट बघताना, एसटीत, शाळेत बाईंना भेटायला बाकावर बसलेली असताना, तिचा अंगठा पदराखाली जायचा आणि त्या टाकावरून फिरत राहायचा. आपण असं करतो हे तिला ठाऊक नसावं. कपाळ आधी गेलं, मग पदराच्या घड्या, मग डोळे. मी नववीत होते तोपर्यंत चेहरा पुसट झाला होता. पप्पांच्या आजीचा टाक मात्र तेवढी सगळी वर्षं कळसच्या देव्हाऱ्यात एका जागी बसून होता. दसऱ्याला चिंचेने घासून निघायचा, तेवढंच त्याला माणसाचं बोट लागायचं. त्याच्या नथीतले मोती अजून वेगवेगळे दिसत होते.

मम्मी काविळीने गेली. अंगावरचं काढताना बायकांनी टाकही काढून पुडीत बांधला, आणि काकूने ती पुडी तशीच देव्हाऱ्यात ठेवली; कोंदणातून तो या वेळी सोनारानेच सोडवला. कळसच्या कुणीच तो आधी नीट पाहिलेला नव्हता. मम्मी तो ब्लाऊजच्या आत घालायची.

त्या वर्षी मी रडले नाही. प्रयत्न केला होता. दहाव्याला बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, त्यांनाच बरं वाटावं म्हणून. मग पुण्याला हॉस्टेलवर परत गेले. मेसमध्ये जेवले. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं आणि प्रकल्प निवडायचा होता. एका मॅडमकडे गोलाकार तारकागुच्छांचा विषय होता. त्यात बोलायचं कमी आणि मोजायचं जास्त, असं सगळे म्हणायचे, म्हणून मी तो घेतला.

गोलाकार तारकागुच्छ म्हणजे एका गोळ्यात लाखो तारे, एकमेकांच्या ओढीने धरून राहिलेले. आपल्या आकाशगंगेतले हे सगळ्यात म्हातारे तारे. आमच्या पुस्तकात लिहिलं होतं, की अशा गुच्छातले सगळे तारे एकाच वेळी, एकाच ढगातून जन्मतात. परीक्षेत हे लिहिलं की गुण मिळायचे. मॅडमनी ते वाक्य माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, “हे खरं आहे का बघ.”

त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी दक्षिण गोलार्धातल्या मोठ्या दुर्बिणीवर अशाच एका गुच्छातल्या लाल राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या, ताऱ्यांचे वर्णपट घेतले होते. त्यांच्या झेरॉक्स मला मिळाल्या. वर्णपट म्हणजे प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश उलगडून काढलेली एक वेडीवाकडी रेघ. रेघेत जिथे खड्डा, तिथे ताऱ्यातल्या कुठल्यातरी द्रव्याने प्रकाश खाल्लेला असतो. हे तारे सारख्याच तेजाचे आणि सारख्याच रंगाचे होते. फोटोत एकाला झाकून दुसरा दाखवला तर कळलं नसतं. पण जांभळ्या टोकाला सायनोजेनचा, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनच्या जोडीचा, एक खड्डा असतो. तो काही ताऱ्यांत खोल होता आणि काहींत उथळ.

माझं काम खड्ड्याची खोली मोजायचं. शेजारच्या सपाट भागावर पट्टी धरायची, तिथून खाली मोजायचं, आकडा लिहायचा, पुढचा कागद. त्या महिन्यांत मला याच्याइतकं बरं दुसरं काही वाटत नव्हतं. कागद मला काही विचारत नव्हता.

आधी मी तारे तेजाप्रमाणे लावून पाहिले, मग रंगाप्रमाणे. काही निघालं नाही. खड्ड्याच्या खोलीप्रमाणे लावले तेव्हा आलेखावर दोन पुंजके पडले आणि मधली जागा जवळजवळ रिकामी राहिली. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

याची दोन कारणं असू शकतात, असं मॅडमनी सांगितलं. म्हातारा होताना तारा स्वतःच्या पोटातलं ढवळून वर आणतो, आणि कुणी जास्त ढवळतं, कुणी कमी. तसं असेल तर खोल खड्डा ही त्या ताऱ्याने जगताना स्वतःवर आणलेली गोष्ट. त्यावरून त्याच्या जन्माचं काही कळत नाही. किंवा तो तारा तसाच जन्मला. म्हणजे गुच्छात आधी एक पिढी होऊन गेली, तिच्यातल्या मोठ्या ताऱ्यांनी आपल्या भट्टीत शिजलेला वायू बाहेर टाकला, त्या वायूत नायट्रोजन जास्त, सोडियम जास्त, ऑक्सिजन कमी, आणि त्यातून ही दुसरी पिढी झाली. त्या काळात यावर लोक हिरिरीने भांडत होते. जर्नलमधल्या सभ्य इंग्रजीतही ते कळायचं.

विभागातल्या पाच-सहा जणांसमोर मी आलेख दाखवला. दाखवून बसायला निघाले तर मॅडम म्हणाल्या, “आणि तुला काय वाटतं?”

“दोन्ही शक्य आहे, मॅडम.”

“शक्य तर सगळंच असतं. मोजलंस तू ना? मग तुझं मत दे.”

मी आलेख गुंडाळायला घेतला. कुणीतरी पंखा वाढवला. मग त्यांनीच पुढचा विषय काढला.

नंतर खोलीत बोलावून त्यांनी मला कागदांचा नवीन गठ्ठा दिला. त्याच जातीच्या गुच्छातले, पण अजून म्हातारपणाला न पोहोचलेले, बारीक, मंद तारे. त्यांना आतलं वर आणताच येत नाही, सावकाश जळत असल्याने ते अजून त्या टप्प्याला आलेले नाहीत. त्यांच्यातही खोल आणि उथळ असे दोन गट दिसले, तर ढवळण्याचं कारण बाद. मग ते जन्माचंच. “सुट्टीत घरी घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “घाई करू नकोस. आणि या वेळी मत घेऊनच ये.”

तो गठ्ठा माझ्या मांडीवर होता.

आदल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर लाईट गेली, तेव्हा बहीण आणि मी काकांच्या घराच्या स्लॅबवर जाऊन बसलो होतो. ती दहावीला होती आणि सायन्सचा कंटाळा करायची. दक्षिणेला उसाच्या रानावर, बरंच खाली, नरतुरंग तारकासमूहात एक धुरकट ठिपका दिसतो. मी तिला तो दाखवला.

“हा तारा?”

“गुच्छ आहे. लाखो आहेत त्यात.”

“आणि तू त्यांचं काय करतेस?”

“कुठले आधीचे आणि कुठले नंतरचे, ते बघते. म्हणजे माझ्याकडे दुसऱ्या गुच्छाचे आहेत. पण असाच.”

“सगळे एकदम नाही झाले?”

“पुस्तकात तसं आहे. पण बहुतेक नाही. आधीच्यांनी टाकलेल्या वायूतून नंतरचे झाले असावेत.”

“म्हणजे आधीचे मेले?”

“मोठे होते ते गेले. लहान अजून आहेत.”

“आणि सगळे एकत्रच राहतात?”

“हो.”

“मग ओळखू येत नाहीत?”

“नुसतं बघून नाही येत.”

ती हसली. “तुला पगार कोण देणार गं याचा?” मग वर बघतच म्हणाली, “त्यांना माहीत असतं का, आपण कुठल्यातले ते?”

मी म्हणाले ताऱ्यांना काही माहीत नसतं. ती बरं म्हणाली. लाईट आल्यावर आम्ही खाली उतरलो.

आता सकाळी तीच बहीण आत आत्याच्या शेजारी बसून फुलं निवडत होती. मला इथून तिची फक्त वेणी दिसत होती. मी मनातल्या मनात वाक्य तयार केलं. मी तसंच करते, आधी पूर्ण वाक्य तयार करते. आत्या, तो टाक मम्मीच्या गळ्यातला आहे. त्यावर आत्या विचारणार, म्हंजी कुणाचा, नीट सांग की? आणि मग पुढचं वाक्य बहिणीसमोर बोलावं लागणार. मी पहिलं वाक्यही ठेवून दिलं.

झीज वापराने येते. तिच्यावरून वय सांगता येत नाही. हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळत होतं, मॅडमच्या खोलीत कळलं होतं तसंच. आणि तसंच काही उपयोगाचं नव्हतं.

“बापू,” आत्याने पप्पांना हाक मारली. ती त्यांच्यापेक्षा मोठी. “हिकडं ये. तू बघ बाबा. हा आजीचाच ना?”

पप्पा आत गेले. आत्याने वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू मला दिसत होती. मी वाट बघितली. पंधरा-सोळा वर्षं तो टाक त्यांच्याच घरात, त्यांच्याच बायकोच्या गळ्यात होता.

“तुमी बाया बघा,” ते म्हणाले. “मला काय कळतंय त्यातलं.”

ते बाहेर आले, माझ्याजवळून जाताना “जीप आली का बघतो” म्हणाले, आणि रस्त्याकडे गेले. जीप यायला अजून वेळ होता.

“बघितलं?” आत्या काकूला म्हणाली. “बापय ह्यात कधी पडायचं न्हाईत.” मग तिचं लक्ष बाहेर माझ्याकडे गेलं. “आन् आमची इंग्लिश बाय काय करतीया तितं? सुट्टीतबी लिव्हनं?”

“चांदण्या मोजतीया,” काकू म्हणाली.

“मोजून व्हतील का गं?”

“सगळ्या नाही मोजत, आत्या,” मी म्हणाले.

“हिचं मराठी बघ, बँकेतल्या सायबावानी.” दोघी हसल्या. बहीणही हसली. मी पण हसले. आत्याने झिजलेला टाक लाल कापडात गुंडाळून बटव्यात ठेवला, आणि मम्मीचा नवा टाक, ज्याचे डोळे अजून टोचावेत इतके वर होते, पप्पांच्या आजीशेजारी बसवला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. तिने खाली वाकून नमस्कार केला तेव्हा ती खरोखर रडत होती. मम्मीवर तिचा जीव होता.

मी गठ्ठ्यातले उरलेले कागद संपवले. मंद ताऱ्यांच्या रेघा फार थरथरत्या असतात, खड्डा कुठला आणि थरथर कुठली ते ठरवताना डोळे दुखतात. पण दोन गट होते. काही खोल, काही उथळ, म्हातारे न झालेल्या या ताऱ्यांतही. ढवळण्याने आलेलं नव्हतं. जन्मतःच होतं. शेवटच्या कागदाखाली मी पेन्सिलने तारीख घातली. मला आनंद व्हायला हवा होता. मी कागद एकसारखे करून दोरीने बांधले.

जेवून आम्ही निघालो. काकू घरी थांबली. आत्या बटवा मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली, पप्पा, बहीण आणि मी मागे. इंदापूर मागे गेल्यावर दोन्ही बाजूंना ऊस होता आणि मध्येच एखादं मोकळं, तापलेलं रान. आत्या ड्रायव्हरला तिच्या आजीच्या गोष्टी सांगत होती. आजी मेंढरांबरोबर घाटाखाली जायची, घोड्यावर सगळा संसार, वाटेत बाळंत झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला लागली.

“आताच्या बायांना जमंल का?” ड्रायव्हर म्हणाला.

“आताच्या बाया हितनं इंदापूरला जीप करत्यात,” आत्या म्हणाली. “बघ की मागं.”

बहिणीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. तिला गाडी लागते. पप्पा बाहेर बघत होते. मी एकदा त्यांच्याकडे बघून “पप्पा” म्हणाले, इंजिनाच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. त्यांनी मान वळवली नाही.

संगमावर पाणी कमी होतं. पायऱ्या संपल्यावर चिखलाचा पट्टा आणि मग हिरवट, जवळजवळ न हलणारं पाणी. पलीकडच्या काठाला कुणीतरी म्हशी धूत होतं. आत्याने खालच्या पायरीवर विड्याचं पान मांडलं, त्यावर दहीभाताचा गोळा, त्यावर हळदकुंकू. मग बटव्यातून लाल कापड काढून टाक पानावर ठेवला. उन्हात तो इतका गुळगुळीत दिसत होता की त्यावर चेहरा होता हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. फक्त नथीच्या जागी तेवढी सावली पडत होती.

माझ्या मनात आलं, की पाण्यात गेला तरी काय फरक पडणार आहे. पत्रा आहे. आईचा आवाज मला आठवत नाही. तिचा हात थोडा आठवतो, तोही कदाचित मम्मीचाच असेल. तो कळसच्या देव्हाऱ्यात राहिला, तरी मी वर्षातून एकदा येणार. मी हे सगळं अगदी शांतपणे पारखून बघत होते आणि त्यात कुठे चूक सापडत नव्हती. फक्त एक गोष्ट होती. हा गेल्यावर ती होती याची खूण ठेवणारं दुसरं काहीच नव्हतं. तिच्या जागी पप्पांची आजी बसणार होती, मोत्यांच्या नथीसकट, आणि पुढे सगळे त्या टाकाला जे म्हणतील तेच खरं होणार होतं. आम्ही दोघी बहिणी तेव्हा पूर्णपणे एका आईच्या होणार होतो. कुणाच्याही वाईट हेतूशिवाय.

पप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखल ओलांडून पाण्यात उतरले. आत्याने पान त्यांच्या ओंजळीत दिलं.

“आजीचं नाव घे,” ती म्हणाली, “आन् सोड.”

त्यांनी नाव घेतलं नाही. ते ओंजळीत बघत उभे राहिले. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. दहीभाताचा गोळा कलंडून पाण्यात पडला आणि लगेच बारीक मासे आले.

“बापू, ऊन लई हाय,” आत्या म्हणाली.

ते तरीही उभे होते. त्यांना ओळखू आला आहे हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. सकाळीच आला असणार. आणि तरीही ते सोडणार होते, कारण वळून सांगायचं तर ते माझ्या बहिणीसमोर सांगावं लागलं असतं. तेही माझ्यासारखंच वाक्य तयार करून ठेवून देणारे होते. बहीण माझ्यापासून हातभर अंतरावर, चपला हातात घेऊन, त्यांच्याकडे बघत होती.

पप्पा वाकले. त्यांच्या हाताची मागची बाजू पाण्याला टेकली.

मी वाक्य तयार केलेलं नव्हतं. मी पायरीवरून चिखलात उतरले आणि माझा आवाज मला ऐकू आला, वर्गात हजेरी देताना येतो तसा, सपाट.

“पप्पा, सोडू नका,” मी म्हणाले. “ती तुमची आजी नाही. ती माझी आई आहे.”